सोलापूर: नवे उद्योग आधी की रोजचं पाणी आधी?

माळढोक (धागाकर्ता)
सोलापूरच्या प्रगतीचा विषय निघाला की विमानसेवा, वंदे भारत आणि आयटी पार्क यांच्यावरच बोललं जातं. माझं मत वेगळं आहे. नळाला रोज पाणी येत नाही तोवर इथे नवा उद्योग टिकणार नाही आणि जुनाही सुधारणार नाही.

2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,72,478 होती, 2011 मध्ये 9,51,558. वाढ जेमतेम 9 टक्के. त्याच दशकात नाशिक 38 टक्क्यांनी वाढलं. माणसं इथून निघून जातात, एवढाच याचा अर्थ होतो.

आता पाण्याचा हिशेब. साडेदहा लाख लोक आणि माणशी 135 लिटर धरले तर रोज सुमारे 14 कोटी लिटर लागतात. उजनी धरणाची जुनी जलवाहिनी सुमारे 80 एमएलडीची (एक एमएलडी म्हणजे रोज दहा लाख लिटर), नवी समांतर 170 ची. दोन्ही पूर्ण क्षमतेने चालल्या तर 25 कोटी लिटर. तीस टक्के गळती धरली तरी साडेसतरा कोटी उरतात. कागदावर पाणी पुरून उरतं, तरी चार-पाच दिवसांआड पाण्याची सवय सुटत नाही. कारण अडचण शहराच्या आत आहे: शुद्धीकरणाची क्षमता, उंच टाक्या, जुन्या वाहिन्या आणि बेभरवशाचे व्हॉल्व्ह. धरणातून कितीही आणा, टाकी दिवसात जेवढ्या वेळा भरेल तेवढंच पाणी घरात पोहोचतं.

फिरता बीम
पाण्याचा मुद्दा मान्य, पण हा क्रम मला पटत नाही. जलवाहिन्या बदलायला आणि त्या चालवायला पैसा कुठून येणार? महापालिकेचं स्वतःचं उत्पन्न वाढायला शहरात व्यवसाय वाढले पाहिजेत. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून लक्ष्मी-विष्णूपर्यंत गिरण्या बंद पडल्या, तेव्हा पगाराची जागा मजुरीने घेतली. पूर्व भागात यंत्रमाग आले, पण पीस रेटवर, म्हणजे नगामागे मजुरीवर. पीस रेटवर जगणारं घर कराचा बोजा किती उचलणार? पहिली गरज महिन्याला ठरलेला पगार देणाऱ्या कामाची आहे. विमान आणि रेल्वेमुळे खरेदीदार, डॉक्टर, कंपनीचा माणूस इथे सहज येऊ-जाऊ शकतो. याला दिखावा म्हणू नका.

माळढोक
दिखावा मी म्हटलेलं नाही. इथे आलेला खरेदीदार चादर-टॉवेलच्या कारखान्यात काय बघतो, ते सांगतो. त्याला 500 जीएसएमचा (चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाचा) टॉवेल हवा असतो, प्रत्येक नगात पाईलची, म्हणजे वरच्या उभ्या फाशांची, उंची एकसारखी आणि दुसऱ्या लॉटचा रंग पहिल्यासारखाच. रंगात फरक पडण्याचं मोठं कारण पाणी आहे. आज टँकर, उद्या बोअर, परवा नळ, म्हणजे पाण्याचा जडपणा दर लॉटला बदलतो. सुताला वापरतात त्या रिअॅक्टिव्ह रंगाला जड पाणी चालत नाही: डाग पडतात, शेड मळकट येते, पुन्हा रंगवावं लागतं. एक किलो सूत रंगवून धुवायला यंत्र आणि शेडप्रमाणे साधारण 60 ते 100 लिटर लागतात. शेड जुळली नाही तर हेच पाणी दुप्पट. म्हणून म्हणतो, पाणी हा इथे उद्योगाचाच कच्चा माल आहे.

फिरता बीम
रंगाचं पटलं. मागाचं मात्र अर्धंच सांगितलंत. टेरीला, म्हणजे टॉवेलच्या फाशांच्या कापडाला, दोन बीम (ताण्याचं सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक ग्राउंडचा म्हणजे मूळ कापडाचा, एक पाईलचा. साध्या धोट्याच्या मागावर पाईल बीमचा ताण हातअंदाजाने ठेवला जातो. बीम संपत आला की ताण बदलतो आणि पाईल कमी-जास्त होते. पाणी कितीही शुद्ध आणलं तरी हा दोष जाणार नाही. त्याला इलेक्ट्रॉनिक लेट-ऑफ (बीमचं सूत सारख्या ताणाने सोडणारी यंत्रणा) असलेला रेपियर, म्हणजे बिनधोट्याचा, माग हवा. तो घेताना दोन अडचणी येतात. केंद्राच्या तंत्रज्ञान सुधारणा योजनेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, त्यामुळे भांडवली अनुदानाचा तो आधार गेला. दुसरी अडचण विजेची. 27 अश्वशक्तीच्या आतल्या यंत्रमागाला सवलत जास्त मिळते. चार रेपियर आणि जोडीला वाइंडिंग (सूत गुंडाळण्याचं यंत्र) बसवलं की जोडभार त्यापुढे जातो. सुधारणा करणाऱ्यालाच सवलत कमी मिळते, म्हणून लोक साधे मागच वाढवतात आणि पानिपतच्या स्वस्त मालाशी दरात झुंजत बसतात. सोलापूरच्या चादर-टॉवेलचं भौगोलिक मानांकन हाताशी असूनही.

कुंभारी नाका
दोघांच्याही बोलण्यात विडीवाल्या बायका कुठेच नाहीत. हजारो घरं विडीवर चालतात. सप्टेंबर 2025 मध्ये तेंदूपानावरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला आणि विडीवरचा 28 वरून 18 वर आणायचं ठरलं, त्यामुळे धंद्याला थोडी उसंत मिळाली. पण नव्या पिढीतल्या मुली विडी वळणार नाहीत आणि वळूही नयेत.

पर्याय म्हणून गणवेश शिलाईचं नाव घेतलं जातं. ते चांगलंच आहे, फक्त एक गोष्ट सुटते. नोंदणीकृत विडी कारखान्यातल्या बाईला भविष्य निर्वाह निधी असतो आणि त्याच्या पेन्शनला 10 वर्षांची नोकरी लागते. आठव्या वर्षी ती विनानोंदणीच्या शिलाई युनिटमध्ये गेली, तर हातात रोख थोडी जास्त येईल, पण म्हातारपणाची पेन्शन बुडेल. बायका नव्या कामाला नाही म्हणतात त्यामागे हा हिशेब असतो. तो आळस नव्हे. पीएफ खातं सलग चालू ठेवणाऱ्या युनिटलाच सरकारी सवलत द्या, मग बघा किती जणी येतात.

आणि रे नगर. शहराबाहेर कुंभारीजवळचा, कष्टकऱ्यांसाठीचा 30 हजार घरांचा प्रकल्प, त्यातली पहिली 15 हजार जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. कष्टकऱ्याला स्वतःचं पक्कं घर मिळणं फार मोठी गोष्ट आहे. पण पानं आणणं, विडी जमा करणं, छाट (नापास झालेल्या विड्या) निघाली की पुन्हा जाणं, या सगळ्या फेऱ्यांचं भाडं मजुरीतूनच जातं. काम तिकडे न्या, नाहीतर पहाटेपासून बस सोडा.

उजनीकाठ
पाण्यावर एक भर आणि एक विरोध. भर अशी: शहर जिथून पाणी उचलतं त्या टाकळीच्या बंधाऱ्यासाठी उजनीतून भीमेत सोडलं जाणारं एक आवर्तन पाच-सहा टीएमसीचं असतं. 170 एमएलडीची जलवाहिनी वर्षभर अखंड चालली तरी सुमारे 2.2 टीएमसीच घेते. एवढी बचत सोडून देण्यासारखी नाही. पण नदीतलं ते पाणी ‘वाया जातं’ असं शहरात सर्रास बोलतात, त्याला माझा विरोध आहे. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोल्याकडच्या पाणीयोजना त्याच पात्रावर आहेत. आवर्तन कमी करायचं तर आधी त्यांची सोय लावा.

फिरता बीम
मग रोज पाणी द्यायची सुरुवात नेमकी कुठून करायची? सगळ्या शहरात एकदम केलं तर टोकाच्या घरांना थेंबही मिळणार नाही.

माळढोक
एकाच टाकीवरून पाणी जाणारा भाग निवडून. आधी त्याच्या सीमेवरचे सगळे व्हॉल्व्ह शोधून तो भाग वेगळा करायचा. टाकीच्या तोंडाशी मोठं मीटर बसवायचं. मग गंजलेल्या घरजोडण्या बदलायच्या, कारण गळती मुख्य वाहिनीपेक्षा तिथे जास्त असते. पाणी बंद असताना त्याच भोकांतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, पहिली धार गढूळ येते ती त्यामुळे. पुढे आठवडाभर अखंड दाब ठेवून रात्री दोन ते चार मीटर वाचायचं. सगळे झोपलेले असताना जे वाहतं ती बहुतांशी गळतीच.

सुरुवातीचे दिवस वापर वाढलेला दिसेल, घाबरून बंद करू नये. पाच दिवसांआड पाणी असताना पाच माणसांच्या घराला 3,375 लिटर साठवावे लागतात, आणि नवं पाणी आलं की लोक शिल्लक साठा ओतून देतात. उद्या पाणी येणार याची खात्री पटली की ते ओतणं थांबतं. साठवलेल्या पाण्यात होणारे डेंग्यूचे डासही कमी होतात.

फिरता बीम
हे चालेल. पण पहिला भाग जुळे सोलापूर नको. तिथे वाहिन्या तुलनेने नव्या आहेत, यश सहज दिसेल आणि त्यातून काहीच कळणार नाही. पूर्व भागातली टाकी घ्या, जिथे खाली माग आणि वर बिऱ्हाड आहे. घराचं मीटर वेगळं, रंगाईच्या हौदाचं वेगळं.

कुंभारी नाका
आणि मीटर बसल्यावर पहिलं वर्षभर दर वाढवू नका. आधी फक्त आकडा दाखवा. पहिल्याच महिन्यात मोठं बिल आलं तर लोक मीटर उपटतील, आणि मग पुढची दहा वर्षं या विषयाला कोणी हात लावणार नाही.