‘लाय’ की ‘ले’? इंग्रजी सकर्मक-अकर्मकाची भानगड

प्रश्न : इंग्रजी कोशात ‘ओपन’, ‘ब्रेक’, ‘बॉइल’ यांच्यापुढे सकर्मक आणि अकर्मक, दोन्ही खुणा असतात. मग मानायचं काय?

– वाक्य बघायचं. ‘द डोअर ओपन्ड’ अकर्मक, ‘शी ओपन्ड द डोअर’ सकर्मक. आपण नाही का ‘दार उघडलं’ आणि ‘तिने दार उघडलं’ म्हणत? पण मराठी पुष्कळदा रूपच बदलते : फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे. इंग्रजीत हे सगळं एकटं ‘ब्रेक’ निभावून नेतं.

– म्हणजे इंग्रजीत अशा जोड्या नाहीतच?

– आहेत की. मोजक्याच उरल्यात आणि त्याच छळतात. इंग्रजीच्या कुळातल्या भाषांत पूर्वी क्रियापदाचं प्रयोजक, म्हणजे ‘ती क्रिया घडवून आणणं’ या अर्थाचं, रूप करायची सोय होती, त्यात आतला स्वरही बदले. ‘राइज-रेझ’, ‘सिट-सेट’, ‘लाय-ले’ हे तिचेच अवशेष. ‘फॉल-फेल’ तर हुबेहूब पडणे-पाडणे : झाड आपोआप पडलं तर ‘फेल’, कुऱ्हाडीने पाडलं तर ‘फेल्ड’.

खरा घोळ ‘लाय-ले’चा. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, पडून असणं, अकर्मक. ‘ले’ म्हणजे ठेवणं, अंथरणं, कोंबडीने अंडी घालणं; सकर्मक. आता मेख अशी, की ‘लाय’चा भूतकाळ ‘ले’! म्हणून ‘काल तो पलंगावर पडून होता’ याला ‘ही ले ऑन द बेड’. ‘ले’चा भूतकाळ ‘लेड’ : ‘शी लेड द बुक ऑन द टेबल’. त्यात खोटं बोलण्याचं ‘लाय’ निराळंच, त्याचं ‘लाइड’ होतं. जन्माने इंग्रजी बोलणारेही सर्रास ‘आय अ‍ॅम लेइंग डाउन’ म्हणतात, तेव्हा आपण फार ओशाळायला नको. लिहिताना मात्र जपावं.

– कर्त्याला ‘ने’ लावून ओळखता येईल?

– ‘ने’ मराठीतच दगा देतो. ‘तो धडा शिकला’, ‘ती पाणी प्यायली’ : कर्म आहे, ‘ने’ नाही. त्यापेक्षा इंग्रजी क्रियापदाला कर्म थेट चिकटतं का ते पाहा. ‘डिस्कस द बजेट’ एवढंच पुरे. ‘डिस्कस अबाउट’ आपल्या तोंडी येतं ते ‘बजेटबद्दल चर्चा’मुळे. तसंच ‘मॅरी’चं : लग्न ‘तिच्याशी’ म्हणून ‘मॅरीड विथ हर’ नको, ‘मॅरीड हर’. उलट ‘लिसन’ला ‘टु’ हवाच. ‘एंटर द रूम’मध्येही काही घुसडायचं नाही, करार करायचा असेल तेव्हा मात्र ‘एंटर इनटू’.