मदत हवी आहे: काजू युनिटमधल्या बायका हाताला लागलेलं लपवतात, काय करू?

काजूवाली_वेंगुर्ला:
नमस्कार मंडळी, मी वेंगुर्ले-सावंतवाडी पट्ट्यात छोटं काजू युनिट चालवते. २०२१ ला पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेतनं ३५ टक्के सबसिडीवर मशिनरी घेतली तेव्हा पाच जणी होत्या, आता बारा आहेत. बी वाफवण्यापासून ग्रेडिंगपर्यंत सगळं घरामागच्या शेडमधेच चालतं. धंद्याचं नाही, माणसांचं विचारायला आलेय, थोडं लांब होईल पण वाचा प्लीज.

आमच्याकडे एक काकी आहेत, पन्नाशी उलटलेल्या, पहिल्या दिवसापासनं कटिंगला, म्हणजे पायाने चालवायच्या मशीनवर बी फोडायला. आधी त्या अंगठा उठवायच्या, मग माझ्या मुलीने त्यांना सही शिकवली. तेव्हापासून संध्याकाळी वजन झालं की रजिस्टरवर सही करताना एकेक अक्षर सावकाश काढतात, मागे रांग लागली तरी घाई करत नाहीत आणि बाकीच्याही त्यांना करू देतात. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधी दोन आठवडे त्या सलग तीन दिवस म्हणाल्या, "तूच लिही गो." मी लिहीत गेले. मुंबईची ऑर्डर होती, डोक्यात तेच. चौथ्या दिवशी मात्र मला खटकलं आणि मी त्यांचा हात ओढून बघितला. तर्जनीच्या टोकाला फडकं, त्यात हळद-चुना, फडकं टरफलाच्या तेलाने काळं पडलेलं. सोडवताना ते कातडीसकट निघायला लागलं तसं मी थांबले आणि गाडी काढून सरळ दवाखान्यात नेलं. पात्यात बोट आलं होतं, नखाखालपर्यंत चिरलेलं, चार दिवस तशीच त्या पाय मारत होत्या मशीनवर. बोट वाचलंय, पण डॉक्टर म्हणाले अजून दोन दिवस गेले असते तर टोक काढावं लागलं असतं.

मी विचारलं का नाही सांगितलंत, तर म्हणाल्या, "सांगलंय तर तू घराक धाडतलंस गो. चवथ तोंडार इली, बसान कसा चलात?"

हे वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाहीये. मी ओरडणारी मालकीण नाही, दुपारी आम्ही एकत्रच जेवतो, तरी त्यांना माझी भीती वाटली. आणि चूक माझीपण आहे, त्या आठवड्यात सकाळी वाफवलेली बी दुपारीच फोडायला दिली होती. एक दिवस पसरून थंड करायची असते, टरफल कडक झालं की नीट फुटतं. गरम असताना बी पात्यात सरकते आणि तेल उडतं, हे मला माहीत असून घाईत केलं.

दुसऱ्या दिवशी बाकीच्यांचे हात बघायला घेतले तर तिघींच्या बोटांच्या बेचक्यात फोड आणि सोललेलं कातडं. एकीही बोलली नव्हती. हातमोजे मी आणलेत, खुंटीला टांगलेत, कोणी घालत नाही.

वर काकींच्या घरचं वेगळंच. मुलगा गोव्याहून नोकरी सोडून आलाय, दारू चालू आहे, रात्र रात्र त्या जाग्या असतात हे मला दुसऱ्यांकडनं कळलं. झोप नसलेल्या बाईला मी पात्यासमोर बसवत होते. अशावेळी मालकिणीने विचारावं का, आणि विचारलं तर कसं? पगार मी देते, म्हणजे माझं विचारणं त्यांना चौकशीसारखंच वाटणार ना?

काकी घरी आहेत तेवढ्या दिवसांचे पैसे कसे द्यायचे, कायद्याने काय करायला हवं, हातमोज्यांचं काय करू, जे माहीत असेल ते सांगा. माझे दीर म्हणतात सगळ्यांकडून लिहून घे की लागलं तर मालकाची जबाबदारी नाही. मला ते पटत नाहीये.

देवगडचा_बागायतदार:
ताई, आधी एक विचारतो, काकींची तुमच्याकडे उचल आहे का? आमच्या बागेत नेपाळी गडी असतात, सीझनच्या सुरुवातीला उचल घेतात. एकाला फवारणी करताना चक्कर यायला लागली, दोन दिवस त्याने सांगितलं नाही, तिसऱ्या दिवशी झाडाखालीच बसला. विचारलं तर तो म्हणे सेठ उचल फिटायची आहे. आपल्याला वाटतं आपण अडीअडचणीला पैसे दिले, तो रोज सकाळी उठून तो आकडा मोजत असतो.

काजूवाली_वेंगुर्ला:
दादा, आहे. बारा हजार. मुलगा आला तेव्हाच घेतलेत आणि दर आठवड्याला हजार कापते मी. हे दोन्ही मी जोडून बघितलंच नव्हतं.

देवगडचा_बागायतदार:
मग पहिलं ते करा, आजारपणात उचल कापायची नाही. आणि नुसतं बोलून नाही चालत, सगळ्यांसमोर वहीत लिहा. आम्ही त्या वर्षापासून तसं करतो, त्यानंतर गडी येऊन सांगायला लागले की आज डोकं धरलंय, आज फवारणीला नको.

रत्नागिरी_गर_पाकळी:
आमचं युनिट तुमच्यापेक्षा थोडं मोठं, पण हातमोज्यांचं रडगाणं आमच्याकडेही होतं म्हणून लिहितोय. ताई तुम्ही किलोवर पैसे देता ना, आणि अख्ख्या गराला जास्त, पाकळीला म्हणजे अर्ध्या गराला कमी, तुकड्याला त्याहून कमी? मग त्या हातमोजे कशा घालतील! हातमोजा घातला की बोटाला बीचा काठ कळत नाही, बी वाकडी बसते, गर फुटतो आणि पैसे तिचे जातात. म्हणजे हात वाचवायचा दंड आपणच लावून ठेवलाय. आम्ही दोन वर्षांमागे कटिंगला किलोऐवजी दिवसाची रोजंदारी ठरवली आणि अख्ख्या गराचं प्रमाण चांगलं आलं तर वर थोडे पैसे, ते पण एकटीला नाही तर सगळ्या टेबलाला मिळून. पहिला महिनाभर माल कमी निघाला हे खरं, घाबरलो होतो. मग बसलं.

कापडी हातमोजे आणले असतील तर ते फेकाच, ते तेल पितात आणि तेच तेल दिवसभर कातडीला लागून राहतं, त्यापेक्षा उघडा हात बरा. पातळ रबरी घ्या, प्रत्येकीच्या मापाचे, बी धरायच्या हाताला आत खोबरेल लावून. फाटला की लगेच दुसरा, मोजून द्यायचं नाही. बोटाच्या टोकाला जरा घट्टच हवेत, ढिला असला तर पात्यात तोच अडकतो. आणि थंड करायचं तुम्ही स्वतःच लिहिलंय म्हणून जास्त बोलत नाही, आम्ही ढिगावर वाफवल्याची तारीख-वेळ खडूने लिहितो आणि दुसऱ्या दिवसाशिवाय तो ढीग कोणी उचलायचा नाही, मी सांगितलं तरी नाही. वाफवून तेल जात नाही ताई, टरफलातच असतं, डोळ्यात उडालं तर किती जाळतं बघितलंय मी, गॉगल पण आणा.

सडेतोड_गुहागर:
सगळं ठीक आहे पण घरी बसून पैसे मिळायला लागले तर उद्या सगळ्याच हात दाखवत येतील. छोटा धंदा आहे, बुडवायचाय का?

रत्नागिरी_गर_पाकळी:
आमच्याकडे दोन वर्षांत तसं नाही झालं. सुरुवातीला आल्या दाखवायला, कारण खरंच फोड होते. आणि हाताशी आलेली बाई सोडून गेली तर नवीन शिकेपर्यंत किती गर तुकड्यात जातो तो हिशोब पण करा की.

काजूवाली_वेंगुर्ला:
सडेतोड दादा, तुमची काळजी मलाही आहे, बँकेचा हप्ता माझाही जातो. पण आत्ता माझ्यासमोर उलटं आहे, खरं लागलेली बाई लपवतेय.

हिशोबनीस_चिपळूण:
मी छोट्या युनिट्सचं पीएफ-ईएसआयचं काम बघतो. तुमच्या दिरांचं आधी सांगतो, तसं लिहून घेतलेला कागद कायद्यापुढे शून्य आहे. काम करताना लागलं तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हे १९२३ च्या कायद्यापासून आहे. कामगाराने सही करून हक्क सोडला तरी तो सुटत नाही. उलट असा कागद निघाला तर तुमचीच बाजू वाईट दिसते. घेऊ नका.

आता ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. दहा किंवा जास्त माणसं झाली की लागू, आणि दहात रोजंदारीवाल्या, उक्त्या कामावरच्या सगळ्या धरायच्या. काही हंगामी कारखाने वेगळे धरतात, पण तुम्ही बी साठवून वर्षभर फोडत असाल तर त्यात नाही बसत. लागू झाल्यापासून १५ दिवसांत नोंदणी करायची असते, तुम्हाला उशीर झालाय, उद्याच हलवा. पगार २१ हजारांपर्यंत असलेल्या सगळ्यांना लागू, मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५. म्हणजे नऊ हजार महिना पडत असेल तर तुमचे २९२ रुपये ५० पैसे आणि तिचे साडेसदुसष्ट. त्या बदल्यात कामावर लागून घरी बसली तर पगाराच्या ९० टक्के, साध्या आजारपणात ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. आपल्या भागाला कुठला दवाखाना जोडलाय ते नोंदणी करतानाच विचारून घ्या, नाहीतर कार्ड असून बायका खाजगीत पैसे भरतात.

पण काकींचं झालंय ते नोंदणीच्या आधीचं, ते तुमच्यावरच. दवाखान्याचा खर्च आणि घरी बसलेले दिवस दोन्ही द्या, तीन महिन्यांची सरासरी काढून द्या म्हणजे वाद नको. वर्षाला २० रुपयेवाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा सगळ्यांचा काढला म्हणून गाफील राहू नका, तो मृत्यूला आणि हात, पाय, डोळा कायमचा गेला तर आहे, बोटाला त्यात काही मिळत नाही. आणि दहा झालात म्हणजे लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्याची अंतर्गत समितीपण लागते. सगळ्या बायकाच आहेत म्हणून सोडू नका, माल उचलायला टेम्पोवाले येतातच ना.

परिचारिका_मालवण:
ताई, हळद-चुना बघून मला आमची ओपीडीच आठवली. जखमेवर तो लावू नका म्हणावं, चुना कातडी जाळतो आणि आतलं दिसत पण नाही. राखेने हात घासतात तेही बंद करा, सोललेल्या हाताला नकोच. काजूचं तेल नुसत्या पाण्याने जात नाही, आधी खोबरेल चोळून फडक्याने पुसायचं, मग साबण आणि कोमट पाणी. जेवायच्या आधी आणि घरी जायच्या आधी दोन्ही वेळा, नाहीतर तोच हात तोंडाला, डोळ्याला, घरी पोराला लागतो. डोळ्यात उडालं तर चोळायचं नाही, स्वच्छ पाणी पंधरा मिनिटं सोडत राहायचं आणि मग डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शन कोणाचं कधी झालंय ते एकदा सगळ्यांना विचारून लिहून ठेवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतं.

काकींच्या झोपेचं तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत. विचारायचं, पण शेडमधे नाही, चौघींसमोर तर नाहीच. त्या घरी जायला निघतात तेव्हा चार पावलं बरोबर जा. "मुलगा कसा आहे" असं सुरू करू नका, ते गावभर झालेलं असतं आणि लाजच वाटते. "काकी, झोप होता काय गो तुमका" एवढंच. तुम्ही गप्प राहिलात तर त्या बोलतील, नाही बोलल्या तर परवा परत. सल्ला द्यायला जाऊ नका, मुलाला समजवायला तर अजिबात नको. तुमच्या हातात काय आहे, तर झोप नाही झाली त्या दिवशी पात्यावर न बसवता ग्रेडिंगला बसवणं, पैसे न कापता. हे सगळ्यांसाठीच ठेवा म्हणजे त्यांना एकट्यांना वेगळं वाटणार नाही. १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. घरच्यांच्या दारूमुळे जीव नको झालेला असतो त्या बायकाही बोलू शकतात, पिणाऱ्यानेच फोन करायला हवा असं नाही. भिंतीवर लावा आणि एकदा स्वतः मोठ्याने वाचून दाखवा, सगळ्यांना वाचता येत असेल असं धरू नका.

काजूवाली_वेंगुर्ला:
सगळ्यांचे मनापासून आभार, दहा दिवसांनी लिहितेय.

ईएसआयचं नोंदणीचं काम सुरू केलंय, आधार आणि बँक पासबुकातली नावं जुळत नाहीत चौघींची, माहेरचं एक सासरचं एक, त्यात अडकलंय पण होईल. काकींना तीन महिन्यांच्या सरासरीने पैसे दिले, चवथीच्या आधी दिले. उचलीची वही सगळ्यांसमोर उघडली आणि लिहिलं की दुखण्यात कापायची नाही. कोणी काहीच बोललं नाही, मला वाटलं होतं बरं वाटेल, उलट सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. जेवताना एकीने विचारलं, "मगे नंतर दुप्पट कापतलंस काय?" नाही म्हटलं, तेही लिहिलं.

कटिंग रोजावर आणलंय. माल खरंच कमी निघतोय, रत्नागिरीच्या दादांनी महिना म्हटलंय म्हणून धरून बसलेय. पाच जणी हातमोजे घालतात, दोघी दुपारनंतर काढून ठेवतात, त्यांच्यामागे लागले नाही अजून.

काकींबरोबर पाणंदीतनं दोनदा चालत गेले. पहिल्यांदा काही बोलल्या नाहीत, पावसाचं बोललो. दुसऱ्यांदा बोलल्या. काय ते इथे नाही लिहीत. कालपासून त्या कामावर आल्यात, ग्रेडिंगला, ओल्यात हात घालायचा नाही म्हणून. संध्याकाळी सही त्यांनीच केली, बोट दुखतंय म्हणून अक्षर वाकडं आलं तर खोडून परत काढलं.

आता एकच अडलंय. गॉगल आणलेत पण शेडमधे पावसामुळे दमट आणि शेजारी बोरमा, म्हणजे गर सुकवायची भट्टी, चालू, पाच मिनिटांत काचेवर वाफ धरते आणि बायका ते कपाळावर सरकवतात, म्हणजे असून नसल्यासारखे. कोणी वापरत असेल आणि वाफ न धरणारा प्रकार माहीत असेल तर सांगा, किंवा बोरमा आणि कटिंगच्या मधे भिंत घातली तर फरक पडेल का? परवा नवीन लॉट वाफवायचाय.