प्रति: जुनं चाललेलं आहे तर बदलायचं कशाला?

वर कुणीतरी लिहिलंय की आधी यशस्वी झालंय तेच वापरा म्हणजे रिस्क नाही. तसं नसतं हो, एरियन-५ या युरोपियन रॉकेटचं पहिलं उड्डाण बघा, ४ जून १९९६. आधीच्या एरियन-४ वर बिनबोभाट चाललेलं दिशा-वेग मोजायच्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर तसंच उचललं, पण नवं रॉकेट सुरुवातीलाच आडवा वेग खूप जास्त घेत होतं, तो आकडा सॉफ्टवेअरने त्यासाठी ठेवलेल्या १६ बिटांच्या जागेत मावेना आणि यंत्रणा बंद. बॅकअप होता की! पण त्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तो तर आधीच झोपलेला. साधारण ४० सेकंदांत रॉकेटचा खेळ खलास, त्यातले क्लस्टर नावाच्या मोहिमेचे चारही उपग्रह नष्ट झाले. कहर म्हणजे कोडचा तो भाग उड्डाणानंतर एरियन-५ ला लागतच नव्हता, उगाच चालू ठेवलेला!

मला आवडलं ते पुढचं, चौकशी समितीने काही झाकलं नाही, नव्या उड्डाणमार्गाचे आकडे घालून ही यंत्रणा जमिनीवर तपासलीच नव्हती हे सरळ लिहून दीड महिन्यात अहवाल दिला. आणि पुढे २०२१ मध्ये जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण याच एरियन-५ ने गेली आणि ती इतकी अचूक सोडली की दुर्बिणीचं इंधन वाचून तिचं आयुष्य वाढलं.