परदेशी पार्सलचे किस्से सांगा: पोस्ट, कुरिअर की कोपऱ्यावरचा बोर्डवाला?

सुईदोरा

सोमवारी शिवणाचा डबा उपसताना तळाशी आईचं दाभण सापडलं. मामा 1986 साली शिकागोला गेला, तेव्हापासून दर दिवाळीआधी आमच्याकडे एक सोहळा असायचा. मेतकूट, भाजणी, स्वेटर असं डब्यात भरायचं, वरून मांजरपाट घट्ट शिवायचं, बाबा सावकाश एकेक अक्षर कोरत पत्ता लिहायचे आणि मग शिवणीवर लाखेचे ठिपके. त्या लाखेला बोट लावून मी एकदा भोकाड पसरलेलं आहे. पार्सल बोटीने जायचं. मेतकूट मिळाल्याचं पत्र येईपर्यंत घरात पुढची भाजणी दळून झालेली असायची.

आता लेक मँचेस्टरला आहे. फराळ आणि एक गोधडी पाठवायची आहे. पोस्ट, एक मोठी कंपनी आणि कोपऱ्यावरचा 'फराळ परदेशी पाठवा' बोर्डवाला, तिन्हीकडे विचारून आले. आकडे असे की तिघं तीन वेगळ्या मँचेस्टरांबद्दल बोलत असावेत. आपापले अनुभव लिहा. फसलेले आधी.

खारीबिस्कीट

गोधडी वाचूनच पोटात गोळा आला. मागच्या वर्षी जर्मनीतल्या बहिणीला उशी, दुपटं आणि चिवडा पाठवला. घरी वजन केलं, सहा किलो. काउंटरवरचा मुलगा टेप घेऊन आला, 50 बाय 40 बाय 40, भागिले 5000, म्हणाला सोळा किलोचे पैसे. मी म्हटलं काटा बिघडलाय का रे. तर म्हणे काका, विमानात जागा किती अडते त्याचे पैसे असतात, प्रत्यक्ष वजन आणि हे, दोन्हींत जे जास्त ते. चिवडा पाठवणं म्हणजे हवा पाठवणं, हे त्या दिवशी कळलं.

परत घरी आलो, दुपटं हवा काढायच्या पिशवीत चेपलं, उशी रद्द, खोका 40 बाय 30 बाय 30. सव्वासात. कापड बाजारात नसेल इतकं मोजमाप झालं.

निवांत

उशी कोण पाठवतं हो जर्मनी-बिर्मनीला? तिकडे उशा नाहीत का? 😄

खारीबिस्कीट

तिला त्याच उशीवर झोप लागते. प्रश्न विचारू नका.

राईनकाठी

मी घेणाऱ्या बाजूची. पाठवणारे सगळे दराबद्दल लिहितात म्हणून ही आमची रडगाणी. बाबांनी फॉर्मवर किंमत लिहिली दहा हजार रुपये. का? "कमी लिहिलं तर लोक काय म्हणतील, शिवाय हरवलं तर तेवढे मिळतील." आत होते शंकरपाळे, चकल्या आणि एक कुर्ता. इकडे खाजगी व्यक्तीने पाठवलेली भेट 45 युरोपर्यंत करमुक्त. बाबांच्या लौकिकापायी माझी शंकरपाळी ऐश्वर्यात गेली. अर्धा दिवस रजा काढून कस्टमच्या कचेरीत गेले, तिथल्या बाईंसमोर खोका फोडला, चकली म्हणजे काय हे हातवारे करून सांगितलं. कर भरला.

खरी किंमत लिहा, कमी नाही की जास्त नाही. आणि पाठवण्याआधी यादीचा फोटो पाठवा, म्हणजे आम्ही वेळीच ओरडू शकतो.

सुईदोरा, इंग्लंडला भेटीची मर्यादा 39 पौंड आहे. पेढे, बर्फी, खव्याचं काही घालू नका, भारतातून दुधाचे पदार्थ तिथे चालत नाहीत. ताजा कढीपत्तासुद्धा नाही.

सुईदोरा

अगं कढीपत्ताच तर मागितलाय तिने!! बरं झालं सांगितलंस.

अनारसे_बाई

पटकन लिहिते, कुकर लावलाय. दीर दुबईला. अनारसे भरून नेले, तर काउंटरवरचा पोरगा डब्यात डोकावून म्हणाला, "काकू, हे पांढरं काय?" म्हटलं खसखस. तो खुर्चीतून उठलाच. अमिरातीत खसखस बंदी आहे, अमली पदार्थांच्या कायद्यात येते, घेणाऱ्यावर शेकू शकतं. आख्खा डबा परत. रात्री बिनखसखशीचे केले, तर एकजात सगळे तुपात हसले. चुरा पाठवला शेवटी, दीर दुधात घालून खातो.

एक शिट्टी झाली, जाते.

निवांत

म्हणजे खसखस नव्हती आणि तरी खसखस पिकली 😂

मोगरा

निवांत, 🙏🙏

पाठवणीवाला

याच धंद्यात आहे म्हणून थोडं. कोपऱ्यावरचे बोर्डवाले स्वतः विमानं उडवत नाहीत. ते दहा जणांचे खोके गोळा करतात आणि पुढे डीएचएल, फेडेक्स, यूपीएस, अरामेक्स अशा कोणाच्या तरी जाळ्यात टाकतात. मोठ्या मालाचा दर त्यांना कमी मिळतो, म्हणून स्वस्त पडतं. त्यात वाईट काही नाही, पण दोन गोष्टी विचारूनच पैसे द्या. शेवटचा टप्पा कोणाकडे आहे, आणि मूळ ट्रॅकिंग नंबर कधी मिळेल? "आमच्याच साइटवर बघा" असं उत्तर आलं तर पुढच्या दुकानात जा.

दुसरं म्हणजे तिकडची ड्यूटी कोण भरणार. दरात धरलेली असेल तर पावतीवर लिहून घ्या. नसेल तर बहुतेक कुरिअर कंपन्या ती आधी स्वतः भरतात आणि घेणाऱ्याकडून ड्यूटी अधिक हाताळणी असं वसूल करतात. फराळ भेट म्हणून पाठवायचा आणि लेकीने दारात कार्ड काढायचं, असं व्हायला नको.

आधारची प्रत न्या. यादीत 'घरगुती खाऊ' असं मोघम लिहू नका, प्रत्येक पदार्थ, त्यात काय आहे, किती नग. पॉवर बँक फराळात लपवू नका, स्कॅनरला दिसते. लोणचं टाळता आलं तर टाळा. बरणी फुटली तर तुमचाच नाही, शेजारचे नऊ खोके लाल होतात. मी पुसलेत.

खारीबिस्कीट

मागच्या महिन्यात ते लोणचं माझं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पोस्टप्रेमी

पोस्टाला कोणी विचारेना, म्हणून मी. आमच्या मुलाकडे टोरांटोला गेली सहा वर्षं स्पीड पोस्टनेच जातं. माझ्याकडून प्रत्यक्ष वजनाचेच पैसे घेतले, त्यामुळे गोधडीसाठी विचार करा. पावतीवरचा नंबर तेरा अक्षरी असतो, शेवटी आयएन. पार्सल भारताबाहेर गेलं की तोच नंबर तिकडच्या पोस्टाच्या साइटवरही चालतो, वेगळा मागावा लागत नाही. वेळ मात्र हातात ठेवून पाठवा, दिवाळीला पोचायचं असेल तर घट बसण्याच्या आधी.

अमेरिकावाल्यांची 2025 ची दिवाळी आठवतेय ना? तिकडे 800 डॉलरपर्यंतची जी सूट होती ती 29 ऑगस्टला संपली. त्याच्या चार दिवस आधी, 25 ला, आपल्या पोस्टाने तिकडचं पार्सल बुकिंग थांबवलं. दोन दिवसांवर गणपती. पुन्हा सुरू झालं ते 15 ऑक्टोबरला, वसुबारसेच्या दोन दिवस आधी. आमच्या सोसायटीतल्या चार घरांचा फराळ इथेच संपला. मला तीन डबे मिळाले, तक्रार नाही.

यारा_नदीपल्याड

मेलबर्नहून. आईने लक्ष्मीपूजनासाठी केरसुणी पाठवली. केरसुणी. ऑस्ट्रेलियाला. जिथे सफरचंदाची बीसुद्धा संशयित असते. पत्र आलं की वनस्पतीजन्य वस्तू सापडली आहे, आपण खर्च भरून प्रक्रिया करून घ्या, परत पाठवा, किंवा नष्ट करू द्या. आईला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "लक्ष्मी नष्ट करू का, असं विचारतायत?"

प्रक्रियेचे पैसे भरले. केरसुणीपेक्षा कितीतरी पट. अजून आहे, देव्हाऱ्याशेजारी, तिने कोणी झाडत नाही.

मोगरा

माझं तुलनेत बसत नाही, पण लिहिते. बाबा गेले त्याच्या नवव्या दिवशी त्यांचं पार्सल आलं. आधी पाठवलेलं. मी तेव्हा भारतातच होते, नवऱ्याने सही करून घेतलं, उघडलं नाही. परतल्यावर उघडलं. यादी त्यांच्या अक्षरात. 'बेसन लाडू, 20 नग. (21 होते. एक चाखला. साखर बरोबर आहे.)'

कोणत्या कंपनीने आलं ते विचारू नका, बघितलंच नाही.

अनारसे_बाई

अगं मोगरा. 🫂

सुईदोरा

मोगरा, यादी जपून ठेव गं. आमच्या बाबांनी पत्ता लिहिलेलं एक मांजरपाट मामाकडे अजून आहे म्हणे.

ठरलं तर. फराळ बोर्डवाल्याकडून, ड्यूटी पावतीवर लिहून. गोधडी पोस्टाने. कढीपत्ता रद्द. लेकीला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं, तर म्हणते गोधडी नंतर दे, आधी ते दाभण पाठव, सॅकचा पट्टा उसवलाय. पाठवणीवाला, दाभण चालतं का?

पाठवणीवाला

हातातल्या बॅगेत नाही, पार्सलमध्ये चालतं. टोकाला बूच लावा. आमची माणसं खोका हाताने चाचपतात.

पोस्टप्रेमी

अनारसे_बाई, पीठ किती दिवस भिजवता? आमचे दर वेळी हसतात.