रेडकांच्या खुराकात मक्याचे डीडीजीएस किती द्यावे?

प्रश्न (गुहागर तालुका)
वर्षभराची, सुमारे २०० किलो वजनाची चार रेडके मी वजन भरून विकण्यासाठी वाढवत आहे. त्यांना भाताचा पेंढा, रोज किलोभर कोंडा आणि थोडी सरकी पेंड मिळते. पेंड परवडेनाशी झाल्याने तिच्या जागी इथेनॉल कारखान्यातले मक्याचे डीडीजीएस (मद्यार्क काढल्यावर उरलेला, वाळवलेला चोथा) किती द्यावे आणि ते पावसाळ्यासाठी आताच भरून ठेवावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (दापोली)
धान्यातील स्टार्चचे मद्यार्क झाल्यावर मागे राहिलेली प्रथिने, मेद आणि खनिजे जवळपास तिपटीने दाट होतात. म्हणूनच मक्यातील ८-९ टक्के प्रथिने डीडीजीएसमध्ये २७ ते ३० टक्क्यांवर जातात, आणि पेंढ्यावरच्या जनावराला नेमकी तीच कमी पडतात. एवढे रेडकू दिवसाला साधारण पाच किलो शुष्क चारा-खुराक खाते. त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे एक किलो, ही मर्यादा धरावी आणि दोन आठवड्यांत हळूहळू तिथवर जावे.

माझी खरी हरकत कोंड्याला आहे. डीडीजीएस आणि कोंडा या दोन्हींत स्फुरद भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, शिवाय भाताच्या पेंढ्यातील ऑक्झलेट उरलेसुरले कॅल्शियमही बांधून ठेवते. असा खुराक महिनोन्‌महिने चालला तर नरांना मुतखडा होऊन लघवी अडू शकते. कोंडा निम्मा करून रोज प्रत्येकी सुमारे ५० ग्रॅम कॅल्साइट पावडर (चुनखडीची भुकटी) आंबोणात मिसळावी.

उत्तर (माणगाव)
साठा करू नये. आपल्याकडील दमट हवेत पोती ओल धरतात आणि बुरशी येते; मुळात मक्यातच अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) असेल तर तेही तिपटीने दाट होऊन आलेले असते. पंधरवड्यापुरतेच घ्यावे, तेही सोनेरी रंगाचे. करपट तपकिरी मालातील प्रथिने नीट पचत नाहीत. ओला माल स्वस्त दिसतो खरा, पण त्यात ६५ ते ७० टक्के पाणीच असते, त्याचे भाडे कशाला भरायचे?

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आमची विहीर खाडीलगत आहे आणि उन्हाळ्यात पाणी मचूळ होते. त्याने काही बिघडेल का?

उत्तर (दापोली)
बिघडू शकते. कारखान्यात वापरलेल्या सल्फ्युरिक आम्लामुळे डीडीजीएसमध्ये गंधक अधिक असते, आणि खाडीच्या पाण्यातील सल्फेटची त्यात भर पडते. एकूण आहारात गंधक ०.४ टक्क्यांच्या वर गेले तर मेंदूला इजा होऊ शकते. त्यामुळे पाण्यातील सल्फेट आधी तपासून घ्यावे, आणि रेडकू भिंतीला डोके टेकून उभे राहू लागले किंवा त्याला दिसेनासे झाले, तर डीडीजीएस त्याच दिवशी बंद करून थायमिनच्या (ब-१ जीवनसत्त्वाच्या) इंजेक्शनसाठी पशुवैद्यकांना बोलवावे.