अंगणवाडीच्या एकाच खोलीत माँटेसरी पद्धतीचे वातावरण कसे उभे करावे?

प्रश्न – अंगणवाडी सेविका, लातूर जिल्हा
आमची खोली एकच, पत्र्याच्या छताची. तीन ते सहा वर्षांची मुले एकत्र बसतात आणि खेळणी मी कुलपाच्या कपाटातून काढून देते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीसाठी ती माझ्याकडे पाहत राहतात. माँटेसरी वर्गात मूल आपले काम आपणच निवडते. पण महागड्या साहित्याशिवाय आणि लहानमोठ्या मुलांच्या अशा एकत्र वर्गात ते कसे साधावे? शिवाय पालकांना रोज वहीत लिहिलेले पाहायचे असते.

उत्तर – बालशिक्षिका, छत्रपती संभाजीनगर
ताई, मुलांचे हे एकत्र बसणे आपणांस अडचण वाटते, पण माँटेसरी वर्गात तीन ते सहा वयोगट मुद्दामच एकत्र ठेवतात. धाकटे मूल थोरल्याचे काम न्याहाळते आणि थोरल्याचे शिकलेले, धाकट्याला दाखवताना अधिक पक्के होते. बदल कपाटापासून करावा. किल्ली आपल्याकडे आहे तोवर निवडही आपलीच राहील. मुलाच्या हाताला येईल एवढ्या उंचीची उघडी फळी, प्रत्येक वस्तूची ठरलेली जागा आणि प्रत्येक साहित्याचा एकच संच असावा. दुसऱ्याचे काम संपून वस्तू फळीवर परत येईपर्यंत थांबायला मूल त्यातूनच शिकते. बसायला छोटी सतरंजी दिली, की कामाची हद्दही आखली जाते.

उत्तर – निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई
ही पद्धत श्रीमंतांची नव्हे. डॉ. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, 1907 साली रोममधील सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत सुरू झाले, आणि आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातील कोसबाडला आदिवासी मुलांसाठी परिसरातल्या साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. ज्वारी ओतणे, तूर आणि हरभरा निवडून वेगळे करणे, बटणे लावणे यांना खर्च नाही. मात्र सगळेच घरगुती चालेल, हे मला मान्य नाही. दंडगोलांच्या ठोकळ्यात, म्हणजे कमीजास्त जाडीचे मुठीचे दंडगोल बसवायच्या लाकडी ठोकळ्यात, 10 खाचा असतात; रुंद खाचेत बारीक दंडगोल गेला, तर शेवटी एक दंडगोल कुठेच बसत नाही आणि मूल कुणी न सांगता स्वतःची चूक शोधू लागते. एकावर एक रचायच्या गुलाबी मनोऱ्याचे 10 घन 1 सेंटिमीटरपासून 10 सेंटिमीटरपर्यंत नेमके एकेका सेंटिमीटरने वाढतात. गावच्या सुताराकडून हे जरूर करून घ्यावे, पण मापात सूट देऊ नये, कारण माप बिघडले की चूक दाखवण्याचे काम पुन्हा बाईंकडे येते.

उत्तर – बालवाडी पर्यवेक्षिका, बीड
पाणी ओतण्याचे काम उन्हाळ्यातही बंद करू नये. तांब्याभर पाणी पुरते. ताटात दोन छोटे पेले आणि सांडलेले टिपायला फडके ठेवावे. कृती एकदा, सावकाश, फारसे न बोलता दाखवावी आणि बाजूला व्हावे. पाणी सांडले तरी फडके मुलालाच घेऊ द्यावे. मला हेच सर्वांत कठीण वाटते, कारण मदतीला आपला हात आपसूक पुढे जातो.

वहीबाबत पालकांना एकदा खोलीत बसवून दाखवावे, की दंडगोलाची मूठ तीन बोटांत धरताना पेन्सिलची पकड तयार होते आणि खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवताना हाताला वळण कळते.