म्हापशातून आणलेला कार्बोरेटर कुठला आहे? पिस्टन अडकलाय, मदत हवी आहे

पेडणेकर: म्हापशाच्या भंगारवाल्याकडून कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि इनटेक मॅनिफोल्ड (ते मिश्रण इंजिनात नेणारी नळी) एकत्र घेतलं. आत पिस्टनसारखं काहीतरी आहे, ते हलतच नाही. नंबर कुठे दिसत नाही. कुठला आहे आणि साफ कसा करू? चवथीआधी गाडी सुरू व्हायलाच हवी. लवकर सांगा.

फोंडेकर: अहो, गाडी कुठली ते तरी सांगा!

रानवाटा: सरळ सोलेक्स कंपनीचा कार्बोरेटर लावून मोकळे व्हा. माझ्या पद्मिनीवर सोलेक्सच आहे, कधी कटकट नाही.

फोंडेकर: पद्मिनी तुमची. त्यांची कुठली ते कळू तर द्या. वर घुमटासारखं टोपण आहे का? तोंड किती मिलिमीटर?

पेडणेकर: अ‍ॅम्बेसेडर, १९७४. बाबांची. घुमट आहे. तोंड जेमतेम ३२ भरतं. मॅनिफोल्डला चुंबक चिकटत नाही.

फोंडेकर: मग एसयू कंपनीचा एचएस२. एसयूच्या नावातला आकडा म्हणजे तोंडाचं माप एका इंचावर किती अष्टमांश. २ म्हणजे सव्वा इंच, तुमच्या मापाशी जुळतं. फ्लोट चेंबरच्या (पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या) झाकणाच्या स्क्रूखाली अ‍ॅल्युमिनियमची बारीक पट्टी असते, नंबर तिच्यावर. भंगारात ती बहुतेक गळून गेलेली असते. नसेल तर पिस्टनखालच्या सुईच्या दांड्यावरची अक्षरं भिंगाने वाचा.

डिचोलीचा_मिस्त्री: एवढं कशाला? कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवा, सकाळी चकाचक.

फोंडेकर: अजिबात नको! चुंबक चिकटत नाही म्हणतात ते, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं, सकाळी भोकं पडलेली दिसतील. रॉकेल आणि नायलॉनचा ब्रश घ्या. घुमट नि पिस्टन ही जोडी असते, दुसऱ्याचा घुमट लावू नका. आतून पॉलिश पेपरही फिरवू नका, मधली फट फार बारीक असते.

डिचोलीचा_मिस्त्री: आम्ही लोखंडी हेड असेच धुतो, म्हणून सांगितलं.

मांडवीकाठ: कागदपत्रं बघितलीत का? २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. पण मग रोजच्या वापराला काढता येत नाही, हे लक्षात ठेवा.

पेडणेकर: नंबराचं नंतर बघू. रॉकेलात दोन दिवस ठेवला. फ्लोट चेंबरच्या तळाशी पांढरी भुकटी होती, खाली तपकिरी चिकट थर. घुमट काढून पुसला, परत बसवला. पिस्टन उचलून सोडला तर टक् करून खाली बसला! बाबा ओट्यावरून उठून आले, म्हणाले, हाच तो आवाज. पण थ्रॉटलचा (आतल्या झडपेचा) दांडा हाताने डुगडुगतो.

फोंडेकर: भुकटी पाण्याची. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढतं, त्यात आपला पावसाळा. जुने रबरी पाइप बदलाच. दांड्याच्या बाजूने हवा आत शिरली तर आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन मंद चालणं) कधीच स्थिर राहणार नाही. दांड्याभोवती पितळी बुश (छोट्या नळ्या) बसवावे लागतील. मॅनिफोल्डचं तोंड जाड काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा, वाकलेलं असेल तर गॅस्केट कितीही नवी घातली तरी हवा खेचणारच. आणि घुमटात २० नंबरचं तेल घाला.

रानवाटा: सोलेक्सला तेल घालावं लागत नाही, एवढंच सांगतो.

पेडणेकर: बुश करून देणारा लेथवाला पेडणे-म्हापसा भागात कोणी आहे?

डिचोलीचा_मिस्त्री: माझ्याकडे लेथ आहे. दांडा आणि बॉडी दोन्ही घेऊन या, मापाशिवाय बुश होत नाही. शनिवारी दुपारनंतर.